पुणे ते हंपी, मध्ये एक रात्र विजापूर : सासूबाईंना गोल घुमट पुन्हा ऐकायचाय

वृंदा_सिंहगडरोड

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं गाडीनं हंपीला चाललोय. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई, वय ७१. पुण्याहून हंपीजवळच्या होस्पेटपर्यंत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि हायवेवर गाडी चालवणारा एकटा नवरा. त्यामुळे मध्ये एक मुक्काम करायचा हे नक्की. तो म्हणतो सोलापूरला थांबू, ओळखीचं गाव आहे, मराठीत सगळं होतं. मला मात्र विजापूरलाच थांबायचंय, आणि त्याचं कारण सासूबाई.

त्यांचे वडील रेल्वेत होते, सोलापूरला. आई (मी त्यांना आईच म्हणते) आठ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना मीटरगेजच्या गाडीनं विजापूरला नेलं होतं. वर घुमटाच्या सज्जात वडील एका बाजूला आणि या समोरच्या बाजूला. वडील भिंतीकडे तोंड करून काहीतरी हळू बोलले. काय बोलले ते आईंना आठवत नाही. "पण आवाज माझ्या मागून आला गं, कानाच्या मागून. मी वळून बघितलं तर कुणीच नाही." हे मी लग्नानंतर निदान दहा वेळा ऐकलंय. वडील पुढच्याच वर्षी गेले.

अडचण अशी की आईंचा उजवा गुडघा दुखरा आहे. घरी दोन मजले चढतात, पण कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. शुक्रवारी नवऱ्याची अर्धी सुट्टी, म्हणजे दुपारी एकला निघू. शनिवारी संध्याकाळपर्यंत होस्पेटला पोचायचंय, तिथलं बुकिंग झालंय. एवढ्या वेळात गोल घुमट नीट होईल का? बाकी विजापूरचं काय बघावं, काय सोडावं? राहायला कुठल्या भागात बरं? आणि मुख्य म्हणजे, आईंना वर नेण्याचा विचार करावा का?


भीमाकाठ

ताई, मी सोलापूरचा, आणि तरीही सांगतो की सोलापूर नको, विजापूरच करा. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर, रस्ता चौपदरी. सोलापुरात मुक्काम केलात तर सकाळी सहाला निघूनही घुमटापाशी साडेआठ वाजतील, आणि डिसेंबरात साडेआठला तिथं सहलीच्या बसगाड्यांची रांग असते.

पण दुपारी एकला निघायचं मात्र रद्द करा बघा. हडपसर ते लोणी काळभोर ओलांडेपर्यंतच तास जातो. त्यात हा गाळपाचा हंगाम. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ या सगळ्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. अंधार पडला की मागून काही दिसत नाही. मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं आणि पाचटानं झाकलेला. मोहोळजवळ माझ्या चुलतभावाची गाडी अशाच ट्रॉलीत शिरली. जीव वाचला, पण हात अजून पूर्ण वर होत नाही. म्हणून कळकळीनं सांगतोय. नवऱ्याला पूर्ण सुट्टी घ्यायला लावा, सकाळी सातला पुणं सोडा. जेवण भिगवण-इंदापूरकडे करा. सोलापूर शहरात शिरूच नका, अलीकडे केगावहून हत्तूरला निघणारा बायपास धरा. पुढं टाकळीला भीमेचा पूल लागतो, तो ओलांडला की कर्नाटक. उजेड असताना मुक्कामाला लागाल.


माहेर_विजापूर

वृंदा, तुमचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. माझं माहेर विजापूरचं, घरात मराठी, दारात कन्नड. (नाव २०१४ पासून विजयपुरा झालंय, पाट्यांवर तेच दिसेल, पण आम्ही घरात विजापूरच म्हणतो.) लहानपणी पाहुणे आले की त्यांना घुमट दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. किती वेळा चढले असेन त्याला गणती नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हा मुक्काम रात्रीसाठी समजू नका, सकाळच्या पहिल्या तासासाठी समजा. सहाला दार उघडतं. सहा ते सात, फार तर साडेसात, एवढाच वेळ घुमट तुमचा. त्यानंतर सहली येतात, आणि शंभर पोरं एकदम ओरडली की तिथं फक्त गडगडाट उरतो. कुजबूज ऐकायची असेल तर शांतता हवीच. संध्याकाळी जाऊन आलं की काम झालं असं करणारे पुष्कळ बघितलेत, ते बिचारे "काही ऐकू आलं नाही" म्हणून परत जातात. बाकी सगळी आखणी या तासाच्या मागेपुढे करा. हॉटेल, जेवण, झोप, सगळं.

म्हणून हॉटेल स्टेशन रोडला किंवा घुमटाच्या आसपास घ्या. स्टेशन घुमटाच्या जवळच आहे. फोन करून तीनच गोष्टी विचारा : लिफ्ट आहे का, गाडी आवारात उभी राहते का, आणि पहाटे साडेपाचला बाहेरचं दार उघडून देणार का. तिसरं विसरू नका. लहान हॉटेलांत रखवालदार दाराला आतून कुलूप लावून आडवा झोपलेला असतो आणि त्याला उठवण्यात वीस मिनिटं जातात. घुमटाची वेळही आदल्या संध्याकाळी काउंटरवर विचारून घ्या.

आता जिना. खोटा धीर देत नाही. घुमटाच्या चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे आहेत, सात-सात मजल्यांचे, आणि जिना त्यांच्या पोटातून जातो. अरुंद आहे. पायऱ्या उंच आहेत आणि मधोमध झिजून गुळगुळीत झाल्यात. पण प्रत्येक मजल्यावर कमानींच्या खिडक्या आहेत, तिथं वारा येतो आणि टेकता येतं. माझी आजी पासष्टीत चढली होती. एक मजला, मग खिडकीपाशी पाच मिनिटं, मग पुढचा मजला. सात मजल्यांनी आपण गच्चीवर येतो, आणि तिथून लहान दारातून घुमटाच्या आतल्या सज्जात. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, गुडघ्याला तर फारच. उतरताना त्यांच्या पुढे एकानं राहायचं, मागे नाही. आणि चपला खालीच काढाव्या लागतात. डिसेंबरातला पहाटेचा दगड पायाला बर्फासारखा लागतो, म्हणून लोक मोजे घालून चढतात. तसं अजिबात करू देऊ नका, मोजा त्या पायरीवर घसरतो. मोजे खिशात ठेवा, वर पोचल्यावर घाला.

नाही जमलं तर खाली दालनातही बसण्यासारखं आहे. एवढी मोठी जागा आणि मध्ये एकही खांब नाही. मधल्या चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली मुहम्मद आदिलशहाची आणि घरातल्या माणसांची थडगी दिसतात, खऱ्या कबरी खाली तळघरात. शहाजीराजे निजामशाही बुडाल्यावर १६३६ मध्ये चाकरीला गेले ते याच आदिलशहाच्या. मुलाला हे सांगा, त्याला तो माणूस जवळचा वाटेल.

बाकी काय बघायचं? दोनच गोष्टी. आदल्या संध्याकाळी उजेड असेल तर बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाची कबर, १६७२ मध्ये तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. नुसत्या काळ्या कमानी आकाशाखाली उभ्या आहेत. चढउतार फारशी नाही, आईंना जमेल. आणि सकाळी नाश्ता करून इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर. गावाच्या पश्चिमेला, तटाबाहेर. घुमट मोठा आहे, पण सुंदर म्हणाल तर इब्राहिम रोजाच. खिडक्यांच्या जाळ्या जवळून बघा, दगडात अक्षरं कोरून मधली जागा पोकळ केलीय. उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. तिथं अर्धा तास तरी द्या. जामा मशीद, ताज बावडी, उपली बुरूज हे सगळं या वेळी सोडा. सोडवत नाही मला, माझं गाव आहे, पण सोडा.


रस्ता_रानवाट

माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी हाच प्रवास केला, आईवडील दोघंही सत्तरीचे. विजापूरला रात्री साडेनऊला पोचलो, तर ऑनलाइन पैसे भरलेली खोली दुसऱ्याला दिलेली. समोरचा मुलगा म्हणाला, तुम्ही आला नाहीत असं वाटलं. आई पायऱ्यांवर पिशवी धरून बसलेली आणि मी फोनवर खोल्या शोधतोय, हे चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. शेवटी अकराला खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी कुणाचीच उठायची ताकद नव्हती. घुमट बाहेरून बघून निघालो.

म्हणून म्हणतो, वयस्कर माणूस बरोबर असेल तर मुक्कामाच्या गावात दिवसाउजेडी पोचता येत नसेल तर सोलापूरच बरं. पोचता येत असेल तर भीमाकाठ म्हणतात तसं करा, आणि दुपारी सोलापूरच्या आसपास असताना हॉटेलला फोन करून "आम्ही येतोय, खोली ठेवा" एवढं सांगा. पैसे भरले असले तरी सांगा.


वृंदा_सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्यानं शुक्रवारची पूर्ण सुट्टी टाकली, त्या उसाच्या ट्रॉलीचं वाचून स्वतःच म्हणाला. आईंना हे सगळं वाचून दाखवलं. मोज्यांचं ऐकून म्हणाल्या, "वडिलांनी मला कडेवर घेतलं होतं वाटतं, पाय गार पडल्याचं आठवत नाही."

मुलाचा एक प्रश्न आहे : भिंतीशी बोललेलं समोर कसं ऐकू येतं? समोर म्हणजे किती लांब?


काटकोन

मुलाला सांगा : आतून घुमटाचा व्यास साधारण ३८ मीटर आहे, म्हणजे समोरासमोर उभे राहिलात तर मध्ये एवढं अंतर. मोकळ्या मैदानात इतक्या लांबून कुजबूज ऐकू येत नाही, कारण आवाज चहूबाजूंना पांगतो. इथं भिंत गोल आणि गुळगुळीत आहे. भिंतीला लागून बोललं की आवाज भिंतीवर थोडा थोडा आपटत तिच्या कडेकडेनं पुढे सरकत जातो, पांगत नाही. समोरच्या माणसाला तो मधल्या पोकळीतून येत नाही, भिंतीकडून येतो. आईंना तो कानामागून आला म्हणतात ते त्यामुळेच, त्यांची पाठ भिंतीला असणार. आठव्या वर्षी ऐकलेलं त्यांनी अगदी बिनचूक लक्षात ठेवलंय.

टाळी वाजवली तर मात्र वेगळं होतं, ती घुमटाखाली इकडून तिकडे आदळत राहते आणि पुन्हा पुन्हा ऐकू येते. मुलाला आधी कुजबूज करायला लावा, टाळ्या मग.

वर बघायलाही सांगा. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं हा बांधणाऱ्यापुढचा खरा प्रश्न. इथं एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी घालून चौकोन आत ओढत आणलाय आणि त्या कड्यावर घुमट ठेवलाय. सज्जा म्हणजे त्या कड्याचीच आत आलेली जागा. मी बांधकामात वीस वर्षं आहे, आणि ते बघून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.


माहेर_विजापूर

आणखी एक, हंपीला चाललाच आहात म्हणून. १५६५ ची राक्षसतागडीची, म्हणजे तालिकोटची लढाई, जिच्यानंतर विजयनगर लुटलं गेलं, त्या लढाईत विजापूरची आदिलशाही होती. आमच्या गावातलं मोठमोठं बांधकाम बहुतेक त्यानंतरचं. तुम्ही आधी जिंकणाऱ्यांचं गाव बघणार आणि दुसऱ्या दिवशी हरलेल्यांचं. हंपीत फिरताना मुलाला ही आठवण करून द्या.

मलिक-ए-मैदान तोफ इब्राहिम रोजाच्या वाटेवरच आहे, दहा मिनिटं थांबा. सुमारे ५५ टनांची, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती. ती मूळ आपल्याकडची. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. उन्हातही धातू गार लागतो म्हणतात. लहानपणी आम्ही गाल लावून बघायचो.


भीमाकाठ

जेवायचं राहिलं ताई. रात्री लिंगायत खानावळ शोधा, पाटीवर तसं लिहिलेलं असतं. पातळ ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, शेंगाचटणी, घट्ट दही. मसाला आपल्यासारखाच, आईंना परकं वाटणार नाही. कडक भाकरी मिळाली तर बांधून घ्या, पहाटे घुमटावर जाताना पोराच्या खिशात राहू दे. आणि दुसऱ्या दिवशी आलमट्टी ओलांडून पुढं गेलात की इलकल, म्हणजे इरकली लुगड्यांचं गाव लागतं, होस्पेटच्या वाटेवरच. बाकी तुम्हाला सांगायला नको.


वृंदा_सिंहगडरोड

काल रात्री परत आलो. लिहायचं कबूल केलं नव्हतं, पण तुम्ही एवढं मनापासून सांगितलंत, म्हणून आधी हेच.

सकाळी सातला निघालो. जेवायला आणि चहाला थांबत साडेतीनला विजापुरात होतो. सोलापूरजवळून हॉटेलला फोन केला आणि बरं झालं केला, कारण त्यांच्याकडे आमची खोली दुसऱ्या मजल्यावर लिहिलेली होती. ती तळमजल्यावर बदलून दिली. संध्याकाळी बारा कमान. आई एका कमानीला टेकून तासभर बसल्या, मुलगा कमानी मोजत फिरला, दर वेळी आकडा वेगळा. रात्री खानावळीत आईंनी वांग्याचं कालवण दोनदा मागून घेतलं. वाढणारा कन्नडमध्ये विचारायचा, आई मराठीत सांगायच्या, दोघांचंही काही अडलं नाही.

सहाला दोन मिनिटं कमी असताना आम्ही दारात. आमच्या आधी फक्त एक जोडपं. आईंनी चपला काढल्या, जिन्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बघू." एवढंच. नवरा मागे, मी पुढे, मुलगा टॉर्च घेऊन सगळ्यांच्या पुढे. प्रत्येक मजल्यावर खिडकीत बसायचं. तिसऱ्या मजल्यावर स्टेशनातून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि त्या हसल्या. पाचव्याला गुडघा अडला. दहा मिनिटं बसलो. मी म्हटलं, उतरू या का, इथूनही छान दिसतंय. त्या म्हणाल्या, "आता खाली तितकंच लांब आहे." सात वाजायला पाच मिनिटं असताना गच्चीवर पोचलो. सूर्य नुकता वर आला होता. तिथं मोजे घातले.

सज्जात त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, नवरा त्यांच्याजवळ. मी आणि मुलगा गोल फिरून समोर गेलो. मुलाला मी काही शिकवलं नव्हतं. काय म्हणू, म्हणाला. म्हटलं, तुला वाटेल ते. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आजी, भूक लागलीय."

समोर आईंनी वळून मागे बघितलं.

मग बराच वेळ त्या त्याच्याशी बोलत होत्या, भिंतीकडे तोंड करून. कडक भाकरी कुणाच्या पिशवीत आहे, स्वेटरची चेन लाव, असलंच सगळं. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. वडिलांचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

उतरताना मात्र आमचा हिशेब चुकला, तो इथं लिहून ठेवते. साडेसातला सहलीच्या दोन बसगाड्या आल्या आणि त्याच जिन्यानं मुलं वर यायला लागली. आम्ही चौथ्या मजल्यावर खिडकीत अंग चोरून पंधरा मिनिटं उभे. आईंचा गुडघा त्या उभं राहण्यानं सुजला, चढण्यानं नाही. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आहे त्यांनी सव्वासातलाच उतरायला लागावं. आमची कुजबूज लांबली.

इब्राहिम रोजाला आई बागेतच बसल्या, आम्ही तिघं आत जाऊन आलो. अक्षरांच्या खिडक्यांचे फोटो काढून त्यांना दाखवले. फोटोत ते काहीच येत नाही. तोफ बघितली, मुलानं गाल लावून बघितला, गार लागला म्हणाला. पण सकाळचे साडेनऊच वाजले होते, तेव्हा पुरावा म्हणून धरू नका.

इलकलला एका दुकानात आईंना खुर्ची दिली आणि त्यांच्यापुढे इरकली लुगड्यांचा ढीग लावला. त्यांनी काठ नाही बघितला आधी. पदर आणि अंग जिथं जोडलेलं असतं ती रेघ अंगठ्यानं चाचपून बघत होत्या. एकेक धागा एकमेकांत अडकवून केलेला जोड असतो तो. माझ्या आईचं होतं असं, म्हणाल्या. गर्द हिरवं घेतलं, लाल पदराचं. मला एक घेतलं, मी नको म्हणत असताना.

होस्पेटला संध्याकाळी पाचला पोचलो. दुसऱ्या दिवशी आईंनी दुपारपर्यंत खोलीवर आराम केला, विठ्ठल मंदिराला बॅटरीच्या गाडीनं नेलं. सूज चौथ्या दिवशी उतरली. परतीला सोलापुरात थांबलो, नवऱ्याच्या समाधानासाठी.

माहेर_विजापूर, तुमच्या आजी उतरताना पुढे कोण होतं हो? आमच्यात नवरा पुढे होता आणि आईंचा हात सबंध वेळ त्याच्या खांद्यावर. त्या शर्टावर खांद्याशी दगडाच्या धुळीची पाच बोटं उमटली होती. अजून धुतला नाहीये.